बाविसाव्या मजल्यावरचं महाबळेश्वर

बाविसावा मजला मिळाला तर उत्तमराव वायंगणकरांच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी बघून घेऊ. डोक्यावर कुणी खुर्च्या ओढणार नाही, ही पहिली जमा. ठाण्याच्या मेहुण्याचा चौदावा मजला कायमचा खाली जाणार, ही दुसरी. हा मेहुणा दर दिवाळीला फराळाच्या ताटावर बसून "आमच्याकडे काय बाबा, थेट डोंगरावरून येऊरचा वारा" असं म्हणायचा, त्यामुळे ही दुसरी जमा पहिलीपेक्षा भारी. पण खरी कमाई तिसरीच होती. ती म्हणजे बायकोचा, शैलाताईंचा, एसी टळणार.

होळी झाली की वायंगणकरांच्या घरात एसीचा विषय निघायचा आणि मृगापर्यंत चालायचा. उत्तमरावांचं म्हणणं असं, की एसी म्हणजे आपली गरमी उचलून शेजाऱ्याच्या खिडकीत टाकणं. हे सभ्य माणसाचं काम नाही. शैलाताईंचं म्हणणं असं, की शेजाऱ्याने त्याची गरमी आपल्या खिडकीत टाकून चार वर्षं झाली, आता आपण फक्त परत करायची. आता बाविसाव्या मजल्यावर हवाच जर मुळात थंड निघाली, तर हा वाद जागच्या जागी संपणार होता, आणि तोही उत्तमरावांच्या बाजूने.

योगही असा जुळून आला होता, की फक्त हात पुढे करायचा अवकाश. भाईंदरच्या इंद्रलोकमधली त्यांची जुनी चार मजली इमारत पाडून तिथे बावीस मजली टॉवर उभा राहत होता. वरचा सांगाडा पुरा झाला होता, भिंती झाल्या होत्या, खिडक्या बसायच्या होत्या. जुन्या सभासदांना नवी घरं चिठ्ठ्या टाकून वाटली गेली. त्यात उत्तमरावांच्या नावावर चौथा मजला निघाला आणि गोवर्धन तांडेलांच्या नावावर बाविसावा.

तांडेल मूळचे उत्तनकडच्या तारोडीचे. दोन होड्या भावांच्या हवाली करून मुलाच्या कॉलेजसाठी ते भाईंदरला आले आणि इथलेच झाले. चिठ्ठी उघडली तेव्हा त्यांच्या बायकोने, शांताबाईंनी, भर सभेत कपाळाला हात लावला होता.

"बाविसावा? आनि लाइट गेली म्हंजे? मना काय कावल्यासारखी पाखं हायेत?"

उत्तमरावांनी त्याच संध्याकाळी तांडेलांना गाठलं. अदलाबदल करायला सोसायटीची हरकत नव्हती. दोन्ही बाजूंनी अर्जावर सह्या करायच्या आणि पुढच्या सभेत तो सेक्रेटरीच्या हातात द्यायचा, एवढंच. तांडेलांनी तिथल्या तिथे सही ठोकली, शांताबाईंनीही ठोकली, वर उत्तमरावांना कालवांचं कालवण खाऊ घातलं. उत्तमरावांनीही लगोलग आपली सही केली. राहिली एकच. घर जोडनावावर होतं, त्यामुळे शैलाताईंची सही लागत होती.

आणि शैलाताईंनी पुरावा मागितला.

उत्तमरावांची सगळी नोकरी विमा कंपनीत, दाव्यांच्या खात्यात गेलेली. जळालेलं दुकान असो नाहीतर चोरीला गेलेली स्कूटर, समोरचा माणूस खोटं बोलतोय इथून सुरुवात करायची आणि कागद बघत बघत जमलंच तर खऱ्यापर्यंत यायचं, ही त्यांची पद्धत. तीस-पस्तीस वर्षं लोकांकडे पुरावे मागितलेल्या माणसाकडे घरातच पुरावा मागितला गेला, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"अगं, ही शाळेतली गोष्ट आहे. उंचावर हवा थंड. महाबळेश्वर काय उगाच थंड आहे?"

"पण वर गेलं म्हणजे आपण सूर्याच्या जवळ जातो ना? मग जास्त नाही का तापणार?"

हा प्रश्न उत्तमरावांना अडचणीचा होता. शैलाताईंनी तो चहा गाळता गाळता अगदी साधेपणाने विचारला होता, म्हणून जास्तच अडचणीचा. त्यांनी पुण्याला लेकीला फोन लावला. निशिगंधा कॉलेजात भूगोल शिकवते. तिने फोन स्पीकरवर टाकायला सांगितला.

"आई, सूर्य हवेला थेट फारसा तापवत नाही. तो जमीन तापवतो आणि मग जमीन हवेला तापवते. म्हणजे शेगडी खाली आहे, वर नाही. आणि तापलेली हवा वर चढते ना, तशी ती फुगत जाते, कारण वर दाब कमी. ते फुगणं काही फुकटात होत नाही. तो खर्च ती आपल्या अंगच्या उष्णतेतून करते, म्हणून जाता जाता गार होते."

"बघ!" उत्तमराव म्हणाले.

"थांबा बाबा. किती गार, ते ऐका. हजार मीटर चढलात तर साधारण साडेसहा अंश. तुमचा टॉवर किती उंच आहे?"

"असेल की सत्तर मीटर."

"मग करा भागाकार."

उत्तमरावांनी तो मनातल्या मनात केला आणि मोठ्याने सांगितला नाही. अर्धा अंशसुद्धा भरत नव्हता.

"महाबळेश्वर हजाराच्याही बरंच वर आहे बाबा," फोनमधून आवाज आला. "भाईंदर समुद्राच्या मांडीवर बसलंय."

"पुस्तकातलं पुस्तकात," उत्तमरावांनी फोन बंद करून निकाल दिला. "पुस्तकवाल्यांना आपल्या खाडीचा वारा काय माहीत? मी मोजून दाखवतो."

"दाखवा," शैलाताई म्हणाल्या. "पटलं तर लगेच सही."

बिल्डरने रविवारी दुपारी सभासदांना टॉवर दाखवायचं कबूल केलं होतं. डोक्यावर पिवळी हेल्मेटं घालून सात-आठ जण जमले. सेक्रेटरी दिपेशभाई संघवी मोबाइल हातात धरून सगळ्यांचे फोटो काढत होते. उत्तमरावांनी स्टेशनजवळच्या दुकानातून काचेचा थर्मामीटर आणला होता, भिंतीला टांगायचा, लाल रेषेचा. खाली गेटपाशी, सावलीत, सगळ्यांच्या देखत त्यांनी तो धरून ठेवला. रेषा चौतिसावर थांबली.

"दिपेशभाई, फोटो घ्या. चौतीस."

"लिया, लिया. अब ऊपर का देखते हैं, अंकल."

उत्तमराव म्हणजे घामाचा माणूस. लग्नात सप्तपदी चालताना त्यांच्या अंगरख्याचा रंग भटजींच्या उपरण्याला लागला होता, असं सासरची माणसं अजून सांगतात. आताही हेल्मेटखालून घाम थेट भुवयांवर येत होता. साइटच्या नळावर जाऊन त्यांनी तोंडावर पाणी मारलं, रुमाल पिळण्याइतका भिजवला, मानेला लावला. कामगारांची जाळीची लिफ्ट मात्र अशी खडखडत होती, की काच टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून उत्तमरावांनी थर्मामीटर त्याच रुमालात गुंडाळला, लहान मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसा, आणि छातीशी धरून ते बाविसाव्या मजल्यावर पोचले.

वर खरंच वारा होता. भिंतीत खिडक्यांची नुसती भोकं असल्यामुळे वारा या भोकातून यायचा आणि त्या भोकातून जायचा. कुणाचं हेल्मेट सरकलं, कुणाचा पदर उडाला. उत्तमराव पश्चिमेच्या गॅलरीत उभे राहिले. काच हातातून निसटू नये म्हणून त्यांनी रुमाल सोडला नाही. खालचं टोक रुमालात तसंच ठेवून थर्मामीटर वाऱ्यात धरला. लाल रेषा सरकायला लागली. बत्तीस. एकतीस. तीस. अठ्ठाविसावर येऊन थांबली.

उत्तमराव स्वतःच क्षणभर घाबरले. त्यांना दोन-तीन अंशांची आशा होती आणि अर्ध्या अंशाची भीती होती. सहा अंश म्हणजे मागितलेल्यापेक्षा जास्त भरपाई मिळाल्यासारखं होतं. दाव्यांच्या खात्यात असताना असं कधी झालं, की ते ताबडतोब दुसरा माणूस तपासायला पाठवायचे. आज त्यांनी पाठवला नाही. निशिगंधाला फोन करायचाही विचार मनात आला आणि त्यांनी तो तसाच जाऊ दिला.

"दिपेशभाई, फोटो!"

"अंकल, कमाल है! सहा डिग्री! हे तर हिल स्टेशन झालं."

उत्तमराव शैलाताईंकडे वळले. त्या गॅलरीच्या कठड्याला टेकून पलीकडे बघत होत्या. खाली मिठागरांचे चौकोन होते, त्यांच्यापुढे खाडी, आणि डाव्या हाताला अगदी लांब, उत्तनच्या बाजूला, समुद्राची एक चमकती पट्टी.

"काय, पटलं?"

शैलाताईंनी आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हाताकडे, मग परत चेहऱ्याकडे.

"पटलं," त्या म्हणाल्या. "द्या अर्ज. सही करते."

हेल्मेटवर कागद ठेवून त्यांनी सही केली आणि अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला. उत्तमराव इतके खूश झाले, की उतरताना त्यांनी लिफ्टवाल्या कामगाराला नाव-गाव विचारलं आणि त्याच्या गावीही उंचावर हवा थंड असते का, याची चौकशी केली.

इथवर सगळं उत्तम होतं. इथेच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची गरज पडली नसती. पण पुरावा मिळाला, की तो लोकांना दाखवल्याशिवाय माणसाला अन्न गोड लागत नाही. रात्रीच्या जेवणाआधीच उत्तमरावांनी सोसायटीच्या ग्रुपवर दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकले आणि खाली लिहिलं, 'आपलं स्वतःचं महाबळेश्वर! तळमजला ३४, बाविसावा मजला २८. विज्ञान खोटं बोलत नाही.'

टाळ्या आल्या, अंगठे आले, हात जोडलेले आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गोवर्धन तांडेल आले. हातात पिशवी होती, पिशवीत बोंबील होते, आणि नजर चपलांवर होती. माणूस काही द्यायला येतो तेव्हा डोळ्यांत बघतो. काही परत घ्यायला येतो तेव्हा चपला बघतो.

"उत्तमभाऊ, राग नका धरू. आमची शांता न्हाय म्हनते."

"कशाला नाही म्हणतात?"

"अदलाबदलीला. ती म्हनते, बाजारात उनात बसून बसून माजा जलम गेला. आता देवाने आपल्या चिठ्ठीत म्हाबळेश्वर टाकलाय, तर ता दुसऱ्याला कनाला द्यायचा?"

"अहो, पण त्यांना उंचीची भीती वाटते ना! लाइट गेली तर?"

"जनरेटर हाय म्हनतात. तुमीच तर सांगितलाव तिला."

ते खरं होतं. कालवणाच्या दिवशी, 'लाइट गेली तर शैलाताईंचं कसं?' या तांडेलांच्या काळजीला उत्तर म्हणून, उत्तमरावांनीच जनरेटरचं गुणगान केलं होतं, आणि शांताबाई तिथेच वाढत होत्या.

"तारोडीला फोटो गेला," तांडेल म्हणाले. त्यांच्या आवाजात लाज होती आणि लाजेच्या खाली थोडा रुबाबही होता. "माजी भावजय लगेच बोलली, उनाळ्यात रवायला येतो. मी काय करू, सांगा."

तांडेल गेले. उत्तमराव बोंबलांच्या पिशवीकडे बघत बसले. ज्या मालाची मालकाला किंमत कळली नव्हती, त्या मालाची जाहिरात त्यांनी स्वतः केली होती, आणि तीही मालकाच्या दारात जाऊन, फोटोसकट.

"मग आता चौथा मजला आणि एसी," शैलाताई आतून म्हणाल्या. बोंबील साफ करताना त्या गुणगुणत होत्या, ही गोष्ट उत्तमरावांना विशेष लागली.

दोन-तीन दिवस त्यांनी तांडेलांचं मन वळवायचे नाना मार्ग शोधले. वर पाण्याचा दाब कमी असतो, वर कबुतरं फार, वर मोबाइलला रेंज येत नाही. ग्रुपवर यातलं एकेक सोडून बघितलं. पण महाबळेश्वर म्हटल्यावर कबुतरांची पर्वा कोण करतो? उलट भलतंच झालं. सहाव्या मजल्याच्या स्वातीबाईंनी लिहिलं, की ज्येष्ठांना वरचे मजले द्यायला हवेत. तिसऱ्या मजल्याच्या कुणीतरी लिहिलं, की चिठ्ठ्या टाकताना डबा नीट हलवला नव्हता. दिपेशभाईंनी रविवारच्या सभेच्या विषयपत्रिकेत नवीन कलम टाकलं: चिठ्ठ्या पुन्हा टाकाव्यात काय?

भाड्याच्या घरात उत्तमरावांचं एक नेमाचं काम असे. फ्रिजचं पाणी त्यांना चालत नाही, घसा धरतो. खिडकीत माठ ठेवलेला, आणि रोज संध्याकाळी त्याला ओलं फडकं गुंडाळायचं ते स्वतः. त्या दिवशीही त्यांनी फडकं भिजवलं, पिळलं, माठाला गुंडाळलं. खिडकीतून झुळूक आली. हात माठावरच होता. हाताखाली फडकं गार पडत गेलं.

हात तिथेच राहिला.

हवा तीच होती, खोलीही तीच. शेजारी टेबलावरचा पितळी पेला कोमट होता आणि माठ गार. ओल्या कापडाला वारा लागला, पाणी उडालं आणि जाता जाता गारवा ठेवून गेलं, एवढीच त्यातली करामत. ही करामत ते रोज संध्याकाळी स्वतःच्या हाताने करत आले होते.

उत्तमरावांनी खिशातून रुमाल काढला, त्याच्याकडे बघितलं आणि परत ठेवला. मग दुसऱ्या दिवशी दुपारी, कुणाला काही न सांगता, ते साइटवर गेले. सुपरवायझर ओळखीचा झाला होता. या खेपेला थर्मामीटर कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळला. खाली सावलीत चौतीस. वर गॅलरीत, वाऱ्यात, कोरडा धरून, चौतीसच. डोळे बारीक करून बघितलं तर रेषा केसभर खाली. लेक बरोबर होती. मग ते आतल्या खोलीत गेले, आणि तिथे रेषा वर चढायला लागली. अडतीस.

त्यांनी मान वर केली. डोक्यावर गच्चीचा उघडा स्लॅब होता, सकाळपासून उन्हात पडलेला. हात उंच करून त्यांनी तळवा जरा जवळ नेला आणि मागे घेतला. सूर्य जमीन तापवतो, जमीन हवेला तापवते, असं लेक म्हणाली होती. या टॉवरमध्ये सूर्याला सगळ्यात आधी भेटणारी जमीन म्हणजे हा स्लॅब, आणि तो बाविसाव्या मजल्याने छत्रीसारखा डोक्यावर धरला होता. शेगडी खाली नव्हती. वर होती.

घरी परत येताना त्यांचा जीव हलका झाला होता. देवानेच वाचवलं! तांडेलांनी नाही म्हटलं म्हणून भट्टी टळली. चौथा मजला, वरून अठरा मजल्यांची सावली. आता गप्प राहायचं, बस्स. गप्प राहिलं तर चौथा मजला राहतो आणि विज्ञानवाला म्हणून नावही राहतं. त्यांनी शैलाताईंना हे सगळं खालच्या आवाजात सांगितलं.

शैलाताईंनी ऐकून घेतलं.

"आणि शांताबाई?"

"त्यांना कुणी सांगितलं होतं वर जायला?"

"तुम्ही."

आयुष्यभर ज्या माणसांना उत्तमरावांनी खुर्चीत समोर बसवून 'हा पुरावा तुम्हीच तयार केला ना?' असं विचारलं होतं, ती सगळी माणसं त्या रात्री पंख्याखाली ओळीने येऊन उभी राहिली असणार, कारण उत्तमराव सारखे कुशी बदलत होते.

रविवारी सभा शेजारच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या कमी पडल्या, इतकी गर्दी. आधीच्या सभांना गणसंख्या भरत नसे. आज ज्यांची जुनी घरं भाड्याने दिलेली होती तेसुद्धा वसईहून आले होते. शांताबाई पहिल्या रांगेत ठसठशीत नथ घालून बसल्या होत्या, थंड हवेच्या ठिकाणच्या मालकिणीला शोभेल अशा.

"चिठ्ठी फिर से!" मागून कुणीतरी ओरडलं.

"का म्हनून?" शांताबाई वळल्या. "आमच्या नावाचं निगालं तवा सगले हसलाव. आता का पोटात दुखतं?"

"वयस्कर लोकांना वर द्या," स्वातीबाई म्हणाल्या.

"मग तुमी साठीच्या, मी बासष्टची. मीच वर!"

हशा पिकला, पण मागच्या खुर्च्या सरकल्या. दिपेशभाई घामाघूम होऊन म्हणाले, "शांती, शांती. मग मतदान घेतो. ज्यांना चिठ्ठ्या पुन्हा हव्यात त्यांनी हात वर..."

मागच्या तीन रांगांचे हात वर झाले. शांताबाईंचा चेहरा उतरला. उत्तमरावांनी ते बघितलं आणि त्यांना कळलं, की आता गप्प बसलं तर नुसती शांताबाईंची फसवणूक होणार नव्हती, सगळ्या वाटपाचा विचका होणार होता, आणि नव्या चिठ्ठीत भट्टी परत आपल्याच नावावर निघू शकत होती. या दोन्हींतल्या कोणत्या गोष्टीने त्यांना उठवलं, ते त्यांनाच ठाऊक. पण ते उठले.

"हात खाली घ्या. महाबळेश्वर नाहीये."

"क्या अंकल?"

"थर्मामीटर ओल्या रुमालात होता. मी माठाचं तापमान सांगितलं, हवेचं नाही."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. रुमाल, नळ, वारा, कोरडा थर्मामीटर, वरचा केसभर फरक, आणि खोलीतले अडतीस. दाव्याचा अहवाल वाचावा तसं, एकही गोष्ट न गाळता. बोलून झाल्यावर ते बसले नाहीत. बसलं की सुटका झाल्यासारखं दिसेल, असं त्यांना वाटलं.

पहिल्यांदा हसल्या त्या शांताबाईच. नथ हलेपर्यंत हसल्या.

"अगो बाय! वल्या फडक्याचं म्हाबळेश्वर! आनि मी भावजयीला कंबल घेऊन ये म्हनलंय!"

मागचे हात एकेक करून खाली आले. कबुतरांना जे जमलं नव्हतं ते अडतीस अंशांनी केलं होतं. वसईहून आलेले लोक गाडीच्या किल्ल्या शोधू लागले.

"म्हंजे आता वर भट्टी?" तांडेलांनी विचारलं.

"दुपारची. वारा आहे, रात्री बरं असेल. पण दुपारी भट्टीच."

"मंग आमी आपले चौथ्यावर," शांताबाई म्हणाल्या. "तुमीच मागितलावता ना वरचा? घ्या. आमच्या सह्या हायेतच."

उत्तमरावांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे एक उत्तर तयार होतं, चांगलं मुद्देसूद. अर्ज सेक्रेटरीच्या हातात पडलेलाच नाही, तेव्हा व्यवहार पुरा झालेला नाही, सबब ज्याचा मजला त्याच्याकडे.

"दिपेशभाई," शैलाताई उठून म्हणाल्या, "हा घ्या अर्ज. चारी सह्या आहेत."

पर्समधून निघालेला तो घडीचा कागद उत्तमरावांच्या नाकासमोरून गेला. दिपेशभाईंनी सह्या बघितल्या, शिक्का मारला आणि पुढच्या कलमाकडे वळले, पार्किंगकडे. त्यांना इतकं सुरळीत काही मिळून बरेच महिने झाले होते.

"शैला!" उत्तमराव दबक्या आवाजात म्हणाले. "अगं, भट्टी आहे ती!"

"ऐकलं मी. सगळ्या सोसायटीने ऐकलं."

"मग?"

"मग काय, एसी लावू. आता नाही कसं म्हणाल? तुम्हीच उभं राहून अडतीस सांगितलंत. मिनिट्समध्ये लिहिलं जाईल."

उत्तमराव शैलाताईंकडे वळले. दाव्यांच्या खात्यात असा मोहरा त्यांना आयुष्यात भेटला नव्हता.

"तुला माहीत होतं? त्या दिवशी, वर?"

"रुमाल ठिबकत होता तुमचा. माझ्या चपलेवर पडलं पाणी."

"आणि तू सही केलीस?"

शैलाताईंनी पर्स बंद केली. पुढे कुणीतरी दोन स्कूटरच्या जागेवरून भांडायला सुरुवात केली होती.

"आधी काळाचौकीला राहायचो, तिथे खिडकीतून समोरची गिरण दिसायची. इंद्रलोकमध्ये समोरच्यांचे कपडे. त्या दिवशी वर उभी राहिले तर समुद्र दिसला. म्हटलं, हवा काय, विकत घेता येते. आणि तुम्ही इतके खूश होतात ना... निशीच्या जन्मानंतर तसे दिसलाच नव्हतात. रुमालाचं तेव्हा कुठे सांगत बसू?"

"मग गोवर्धन नाही म्हणाले तेव्हा तू गुणगुणत होतीस ती कशाला?"

"म्हटलं, समुद्र नाही तर नाही, चौथ्यावर एसी तरी पक्का. माझं दोन्हीकडून बरंच होणार होतं, मग रडू कशाला?"

दसऱ्याला सगळे नव्या घरात राहायला गेले. आता कुणाचं काय गेलं ते मांडून टाकू. गोवर्धन तांडेलांची तारोडीतली ऐट गेली. भावजय कंबल घेऊन आली आणि घेऊन परत गेली. शांताबाईंचं काहीच गेलं नाही, वर चौथ्या मजल्याची सावली मिळाली. दिपेशभाईंची एक दुपार गेली, पण बदल्यात विनावादाचा एक ठराव हाती लागला. ठाण्याच्या मेहुण्याचा 'येऊरचा वारा' गेला खरा, पण समुद्र बघायला म्हणून तो दर पंधरवड्याला सहकुटुंब जेवायला यायला लागला, तेव्हा ते त्याने वसूल केलं. शैलाताईंनी दिली फक्त एक सही. बाकी सगळं उत्तमरावांनी भरलं: हॉलचा एसी, बेडरूमचा एसी, गच्चीला लावलेल्या, ऊन परतवणाऱ्या पांढऱ्या रंगातला मोठा वाटा, आणि मेहुण्याच्या सुरमया.